शालूचा फ्रीज आणि माझा गुरुवार

माझी सख्खी धाकटी बहीण गेली, आणि ते मला कळलं सगळ्यात शेवटी. अख्ख्या गल्लीला कळलं, कंपनीच्या बसमधल्या बायकांना कळलं, कोपऱ्यावरच्या चहावाल्याला कळलं, आणि मग कुणाच्या तरी ध्यानात आलं की अरे, हिची थोरली बहीण चिंचवडला असते. फोन संतोषचा होता. संतोष म्हणजे चाकणला शालूच्या शेजारच्या खोलीत राहणारा, मूळचा लातूरकडचा, एका कारखान्यात कंत्राटी कामगार. "अक्का..." एवढं म्हणाला आणि नुसता रडत राहिला. मी इकडं ओरडतेय, "अरे, काय झालं? तोंडानं बोल की!" आणि हा मेला रडतोय. पहिल्या पाळीच्या बसची वाट बघत शालू थांब्यावर उभी होती, छातीत कळ आली, तिथंच खाली बसली... बस्स, एवढंच. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. आता पुढचं वाचून तुम्हाला माझा राग येईल, येऊ दे. बहीण गेली हे कळल्यावर माझ्या मनात पहिलं काय आलं असेल, तर हा का रडतोय माझ्या आधी?

चाकणला पोचले तर तिच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. बायकांनी तिला पांढरी साडी नेसवून ठेवली होती. केससुद्धा विंचरले होते, आणि भांग मधोमध पाडला होता. शालूचा भांग डावीकडं. शाळेत जाईपर्यंत तिच्या वेण्या मी घातल्यात, मला माहीत. मी पिशवीतून माझा कंगवा काढला आणि सगळ्यांसमोर तिचा भांग मोडून पुन्हा पाडला. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "सरका, शालूताईंच्या बहीण आल्यात." म्हणजे बघा! घरात शेंडेफळ ती. ताई मी, अक्का मी. आणि तिथं माझी ओळख काय, तर शालूताईंच्या बहीण. सख्ख्या बहिणीवरून सवतीमत्सर होतो हे कुणाला सांगितलं तर हसतील, पण मला तो झाला आणि कित्येक वर्षं झाला. आता ती जाऊन काही आठवडे झालेत. तरी पुरता गेलेला नाही.

आमचं बालपण देहूरोडचं. बाबा कारखान्यात, आई लोकांकडं धुण्याभांड्याला. शालू माझ्या कडेवर वाढली. माझी एक बाजू तिच्या वजनानं वाकडी झालीय असं आई म्हणायची, आणि मला त्याचा काय अभिमान होता! तिचं खाणं, न्हाणं, तिच्या डोक्यातल्या उवा, सगळं माझं. पण कार्टी अशी की चालायला लागली आणि गल्लीभर वाटलीच गेली. शेजारच्या घरात भांडण झालं की तिथली पोरं ही आमच्या अंथरुणात आणून झोपवायची. अंथरूण एवढंसं. ती पोरं मधे, शालू त्यांना चिकटून, आणि मी कडेला फरशीवर. आई म्हणायची, "राहू दे गं, तिचा स्वभाव हाय." स्वभाव तिचा आणि फरशी माझ्या वाट्याला! मी तेव्हाही कुरकुरले होते, आजही कुरकुरते. मला ती पोरं नको नव्हती. मला तिनं माझ्या बाजूला तोंड करून झोपायला हवं होतं.

पुढं माझं लग्न होऊन मी चिंचवडला आले, एका शाळेच्या ऑफिसात लागले. शालूला चाकणला दिली. तिचा नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. वायरिंग बनवणाऱ्या एका कंपनीत ती तपासणीला लागली आणि तिथंच टिकली. म्हटलं, आता तरी बहीण माझी. कसली! आमच्या भागात कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते आणि शाळेची रविवारी, हे इथल्या माणसांना सांगायला नको. दोघी बहिणी दीड तासाच्या अंतरावर, पण दोघींची सुट्टी कधी म्हणून एका दिवशी आली नाही. शेवटी मी हेडमास्तरांच्या मागं लागून गुरुवारची दुपार मोकळी करून घेतली आणि डबा घेऊन चाकणला जायला लागले. सुकटीची चटणी, ज्वारीच्या भाकरी. तिला माझ्या हातची सुकट आवडायची... निदान ती तसं म्हणायची.

ते फ्रीजचं प्रकरण सुरू झालं ते संतोषमुळं. हा माणूस तेव्हा चौघांबरोबर पत्र्याच्या खोलीत राहायचा. साखरेचा आजार, तोही इन्सुलिन टोचावं लागणारा. बाटली मिळाली तेव्हा कुणीतरी सांगितलं, थंडीत ठेवायची. खोलीत फ्रीज कुठला? एप्रिल-मेमध्ये त्या पत्र्याखाली माणूस शिजतो, तिथं औषधाचं काय होणार! तर यानं डोकं लढवलं. कंपनीच्या गेटसमोर रसवंती होती, मालक याच्याच तालुक्यातला. त्याच्या बर्फाच्या पेटीत, भुशात, गोणपाटाखाली, बर्फाच्या लादीला टेकवून यानं बाटली ठेवली. जितकं गार तितकं चांगलं, असा हिशोब. बाटली गोठायची, टोचायच्या वेळी हा ती मुठीत धरून वितळवायचा आणि टोचून घ्यायचा. इन्सुलिन एकदा गोठलं की वाया जातं, मग पाणी टोचलं काय आणि ते टोचलं काय, सारखंच. व्हायचं तेच झालं. एक दिवस लाइनवर काम करता करता बडबडायला लागला आणि कोसळला. मुकादम म्हणाला, दारू पिऊन आलाय. आणि संतोषनं मान डोलावली! कारण दारुडा म्हणून दोन दिवस घरी बसवतात, आजारी आहे असं कळलं तर कंत्राटदार कायमचं बसवतो. मला हे त्यानंच पुढं सांगितलं. "अक्का, दारूला शिवलो न्हाई ओ कधी. पण व्हय म्हणलो. काय करता मग?"

त्याच उन्हाळ्यात शालू त्या रसवंतीवर रस प्यायला थांबली. मालकानं बर्फ काढायला हात घातला, तर बर्फाबरोबर ही बाटली वर आली. शालूनं ओळखली. ओळखणारच, कारण आमच्या आईला शेवटी शेवटी इन्सुलिन होतं. आईला टोचायचे मी. फ्रीजच्या दारात ठेवायची, बर्फाच्या कप्प्यात कधी नाही, हे शालूला शिकवलं मी. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण चाकणमध्ये सगळे म्हणतात शालूताईंना किती माहिती! अहो, ती माहिती माझी. ते असो. शालूनं मालकाला विचारून संतोषला गाठलं आणि झाडलं, "ही गेली वाया. नवी आण आणि माझ्या फ्रीजमध्ये ठेव. पाळीला जाताना टोचून जा, आल्यावर टोच." संतोष आला. मग संतोषनं दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला, आणि बघता बघता माझ्या बहिणीच्या फ्रीजच्या दारात अंडी ठेवायच्या खाचांमधून बाटल्याच बाटल्या. प्रत्येक बाटलीच्या गळ्याला वेगळ्या रंगाची लोकर. संतोषची हिरवी, कुणाची पिवळी, कुणाची दोन रंग पिळलेली. ती लोकर कुठली, विचारा. मी तिला स्वेटर विणायला आणून दिलेली! स्वेटर राहिला बाजूला.

पण नुसत्या फ्रीजनं भागत नव्हतं, कारण मुळात बाटली हातात पडणं हीच मारामार. विम्याचा दवाखाना उघडा असतो तेव्हा ही माणसं पाळीवर असतात. एक दिवस खाडा करून जावं, तर कार्ड चालत नाही, कारण कंत्राटदार बदललाय आणि नव्यानं नाव चढवलेलं नाही. सरकारी दवाखान्यात जावं तर खिडकीतून उत्तर, "शॉर्ट हाय, पुढच्या आठवड्यात बघा." मेडिकलमध्ये जावं तर दुकानदार म्हणणार, साधी बाटली आता येत नाही, इन्सुलिनचं पेन घ्या, आणि पेनची किंमत ऐकून माणूस तसाच मागं फिरणार. मग काय करतात? डोस निम्मा करतात. एक दिवसाआड टोचतात. कुणाला कळू देत नाहीत. शालूनं कंपनीत शिकलेलं तिथं लावलं. जुना माल आधी बाहेर, नवा मागं. तारीख उलटलेली बाटली लाल डब्यात, रिजेक्शनला टाकतात तशी. आणि ज्याची संपली त्याला दुसऱ्याची उसनी. साखर उसनी मागतात शेजारी, इथं साखरेचं औषध उसनं जायचं. कुणाची बाटली कुणाला गेली आणि परत कधी येणार, हे तिला तोंडपाठ. माझ्या नातवंडाचं बारसं कधी आहे, हे मात्र मला दोनदा सांगावं लागलं.

आणि माझा गुरुवार! सुट्टीचा वार म्हणून दुरुस्तीसाठी लाइट नेमकी गुरुवारीच जायची. म्हणजे मी दमून भागून बसनं चाकणला पोचणार, डबा उघडणार, आणि बाईसाहेब उकिडव्या बसल्यात कुंडीपाशी. मोठ्या कुंडीत वाळू, वाळूत लहान मडकं, मडक्यात सगळ्या बाटल्या, वर ओलं फडकं. वाळू सुकली की पाणी शिंपडायचं. मी बोलतेय माझ्या सुनेबद्दल, गुडघ्यांबद्दल, आणि हिचा एक हात वाळूत. "ऐकतीय अक्का, बोल." मधेच दारातून कुणीतरी डोकावणार, "शालूताई, गार हाय ना?" मी एकदा उसळून म्हणाले, "गार आहे बाबा, आत येऊन बघ, आमच्या मांडीवर येऊन बस!" तो बिचारा पळाला. शालू हसून हसून लोळली. म्हणाली, "अक्का, तू दाराशी बसत जा. मला दुसरा वॉचमन नको." मला हसू आलं आणि रागही आला. तिच्याकडं असताना मला नेहमी दोन्ही एकदम यायचं.

एक गोष्ट मात्र मी विसरणार नाही. माझ्या निवृत्तीचा निरोप समारंभ होता. यजमान आधीच गेलेले, मुलगा हिंजवडीची नोकरी सोडून परदेशात. माझ्या बाजूचं म्हणून येणारं माणूस एकच. पहिल्या रांगेत मी तिची खुर्ची धरून ठेवली होती, पिशवी ठेवून. भाषणं झाली, शाल झाली, नारळ झाला, पिशवी खुर्चीवरच. त्या महिन्यात सरकारी दवाखान्यात इन्सुलिन येतच नव्हतं, आणि नेमकं त्या दिवशी आलंय असं कुणीतरी तिला सांगितलं. पेशंटला स्वतः आणा म्हणाले, तर ही पाळ्या सुटलेल्या सगळ्यांना गोळा करून घेऊन गेली आणि रांगेत उभी राहिली. संध्याकाळी माझ्या दारात हजर. घामेजलेली, चपलेचा अंगठा तुटलेला, आणि तोंडभर हसून मला म्हणते काय, "अक्का, मिळाल्या! सगळ्यांना मिळाल्या!" जसं काही त्याचंच मी दिवसभर नवस बोलून बसले होते. मी म्हणाले, "वा! मग त्यांच्याकडंच जेव." ती मग आत गेली, स्वतःच ताट वाढून घेतलं, आणि माझ्या समोर बसून जेवली. जाताना म्हणाली, "तुझ्याकडं मी रुसलेलं जेवण पण जेवू शकते गं. त्यांच्याकडं न्हाई." तेव्हा मला ते चापलूसपणाचं वाटलं होतं... आता नाही वाटत.

मग मी हट्टच धरला. माझ्या घरात मुलाची खोली रिकामी. म्हटलं, तू निवृत्त झालीस की इकडं यायचं. पलंग आहे, पूर्वेची खिडकी आहे. दोघी म्हाताऱ्या भांडत राहू. ती आधी हसण्यावारी न्यायची. "येईन की. पण फ्रीजचं काय?" म्हटलं, आण फ्रीज. "आणि माणसं?" मी म्हणाले, माणसं कुठं पळून चाललीत, चाकण तिथंच आहे. मला माहीत होतं हे खोटं आहे. चिंचवडच्या फ्रीजमधली बाटली चाकणच्या माणसाला पाळीच्या आधी कशी मिळणार? पण मला तेव्हा त्याच्याशी काही घेणंदेणं नव्हतं. मला माझी बहीण हवी होती, सगळी, कुणाच्या वाटणीशिवाय. शेवटी या वर्षी ती कबूल झाली. संतोषचं लग्न झालं होतं, त्यानं शालूच्या शेजारचीच खोली घेतली होती, आणि त्याची बायको मंगल तिथं राहायला आलेली, चुणचुणीत पोरगी. तिला मी सगळं शिकवते आणि येते, म्हणाली. मी पडदे शिवून घेतले. नवी चादर घातली. निवृत्तीला दोन महिने राहिले असताना ती त्या बसथांब्यावर खाली बसली.

जलदान विधीला तर कहर झाला. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या सभेत माणसामागून माणूस उठतंय आणि माझ्या बहिणीबद्दल बोलतंय. ताईंनी मला रागावून दवाखान्यात नेलं, ताईंनी माझ्या मुकादमाला असं सुनावलं, ताई मला म्हणाल्या... मला न सांगितलेल्या किती गोष्टी ती त्यांना बोलली होती! मला वाटलं, प्रत्येकानं तिचा एकेक तुकडा खिशात घातलाय आणि माझ्या हातात नुसता फोटो. त्याच दिवशी मी ठरवलं, तिचं सामान मी नेणार. भांडी, कपाट, आणि फ्रीज. फ्रीज तर नेणारच. कायद्यानं माझा आहे. मला गरज? घरात दोन दारांचा पडलाय. पण नेणार.

टेम्पो ठरवला आणि गुरुवार टाळून, लाइट असलेल्या दिवशी निघाले. वाटेत टेम्पोवाल्याशेजारी बसून मनातल्या मनात भांडणाची अख्खी तालीम केली. ते म्हणतील, नेऊ नका. मी म्हणेन, का? बहीण कुणाची? ते म्हणतील, आमच्या बाटल्यांचं काय? मी म्हणेन, इतकी वर्षं तिनं सांभाळल्या, आता तुमचं तुम्ही बघा. उत्तरं सगळी तयार. खोलीत शिरले, तर फ्रीज भिंतीपासून पुढं ओढलेला. आतून सोड्यानं धुतलेला. कोरडा करून दार उघडं ठेवलेलं, वास बसू नये म्हणून. वायर गुंडाळून, तिला सुतळी बांधलेली. आणि कोपऱ्यात ती कुंडी, वर ओलं फडकं. मंगल पुढं आली. "अक्का, बहिणीची वस्तू हाय. तुमचा हक्क हाय. जिना अरुंद हाय, म्हणून चौघं पोरं थांबवून ठेवलीत उचलायला." संतोष खाली मान घालून उभा. बाहेर ऊन असं, की जिन्याचा कठडा धरवत नव्हता.

माझा असा संताप झाला! मी ओरडले, "अरे, भांडा ना माझ्याशी! फ्रीज नेतेय मी तुमचा!" संतोष म्हणाला, "तुमच्याशी कसं भांडायचं ओ? शालूताईंचं तुमच्याशिवाय कोण होतं?" बघा म्हणजे. इतकी वर्षं मला जे कुणीतरी म्हणावं असं वाटत होतं, ते तो म्हणाला, आणि अशा वेळी म्हणाला की मला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. मी वाकून कुंडीतल्या मडक्यात हात घातला. हिरवी लोकर, पिवळी लोकर. त्या उन्हात वाळू किती वेळ पुरणार होती, हे मला नाही तर कुणाला कळणार? आईला टोचणारी मी. मी ती सुतळी सोडायला लागले तर गाठ सुटेना, मग दातानं तोडली. म्हटलं, "उचला. पण खाली नाही, शेजारी. मंगलच्या खोलीत. आणि बर्फाच्या कप्प्याजवळ बाटली ठेवलीत तर माझ्याशी गाठ आहे." फ्रीज लावला. तो गार होईपर्यंत आम्ही सगळे त्याच्यासमोर जमिनीवर बसून होतो, आणि मंगलनं चहा दिला. टेम्पो भांडी आणि कपाट घेऊन परत आला.

कपाट त्या पूर्वेच्या खोलीत लावलंय. चादर तशीच आहे, तिच्यावर कुणी झोपलेलं नाही. मी अजून दर गुरुवारी चाकणला जाते. मदत वगैरे काही करत नाही, मंगल माझ्याहून नीट करते. नुसती बसते. बाकीचे सहा दिवस ती माणसं सकाळ-संध्याकाळ शालूचा फ्रीज उघडतात, तिनं बांधलेल्या लोकरीची बाटली काढतात, आणि कामाला जातात. जिवंत राहतात. त्यांना ती रोज भेटते. मला कुठं भेटते? जळते मी त्यांच्यावर, अजून जळते. पण गुरुवारी लाइट जाते. फ्रीजची घरघर थांबते, सगळे एकदम वळून त्याच्याकडं बघतात, आणि तेवढ्या दुपारपुरती ती त्यांच्याकडंही नसते. मला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू... मग मी उठते आणि वाळूवर पाणी शिंपडते.